चौथ्या आठवड्याची यादी: हजेरी आणि चाचणीच्या आकड्यांवरून मुलांना वेळेत कसं गाठायचं

अभियांत्रिकी महाविद्यालयात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी किंवा काम कमी पडलेल्या मुलांची यादी, लागते ती सहसा सबमिशनच्या तोंडावर. सत्राचे बारा-तेरा आठवडे तोवर उलटलेले असतात. टर्म ग्रँट मिळणार की नाही, म्हणजे सत्र मान्य होऊन परीक्षेला बसता येणार की नाही, एवढंच त्या यादीवरून ठरतं. मुलाचा विषय सुटावा म्हणून काही करायला वेळच उरत नाही. तीच माहिती चौथ्या आठवड्याच्या शेवटी एका जागी आणली, तर हातात निदान दहा आठवडे राहतात. ते काम कसं करायचं ते इथे आहे. उदाहरणं ६० मुलांच्या वर्गाची आणि २० गुणांच्या चाचणीची आहेत. कला, वाणिज्य शाखांत प्रॅक्टिकलच्या जागी ट्यूटोरियल किंवा असाइनमेंट धरा.

शीट

एका मुलाची एकच ओळ. सुरुवातीला रकाने इतकेच: नोंदणी क्रमांक, नाव, बॅच, प्रवेशाची तारीख, मागचे बॅकलॉग (आधीच्या सत्रांत राहिलेले विषय), विषयवार झालेले तास आणि हजर तास (आठवड्याप्रमाणे), चुकलेली प्रॅक्टिकलं, असाइनमेंट दिल्याची तारीख, चाचणीचे प्रश्नवार गुण.

वेगवेगळ्या विषयांच्या याद्या नावावरून जोडू नका. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, तिसरीत इंग्रजी स्पेलिंग निराळं, अशाने एकाच मुलाच्या दोन ओळी तयार होतात. पीआरएनवरून, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावरून जोडा. प्रथम वर्षाला पीआरएन हाती पडायला वेळ लागतो, तोवर महाविद्यालयाचा स्वतःचा प्रवेश क्रमांक वापरा. क्रमांकाचा रकाना पेस्ट करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गैरहजर मुलाला शून्य लिहिणं. चाचणीला न आलेला आणि येऊन कोरा पेपर दिलेला, या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते. गैरहजराला ‘एबी’ लिहा. ज्याचा पेपर तपासायचा राहिलाय त्याची चौकट रिकामी ठेवा.

एकूण टक्केवारी काय लपवते

आठवड्याला चार तास आहेत. एक मुलगी पहिले तीन आठवडे प्रत्येक तासाला आली, चौथ्या आठवड्यात एकदाही नाही. सोळापैकी बारा, म्हणजे बरोबर ७५ टक्के. नियमात ती बसते आणि कुठल्याच यादीत येत नाही, पण लक्ष द्यायला हवं ते नेमकं तिच्याकडेच. म्हणून एकूण टक्केवारीशेजारी ‘शेवटच्या दोन आठवड्यांची हजेरी’ असा वेगळा रकाना ठेवा. तिच्या बाबतीत तो आठपैकी चार दाखवेल.

उलटंही होतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं किंवा कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीतून आलेली मुलं उशिरा वर्गात बसतात. तीन आठवडे उशिरा आलेला मुलगा त्यानंतर आठही तास बसला, तरी पाचव्या आठवड्याअखेर शीट वीसपैकी आठ, म्हणजे ४० टक्के दाखवतं. त्याचे तास प्रवेशाच्या तारखेपासून मोजा. त्याचा बुडालेला भाग मात्र खराच बुडालेला असतो, तेव्हा त्याच्या नावापुढे ‘पहिलं युनिट झालं नाही’ अशी नोंद हवी.

गणपतीच्या आठवड्यात हजेरी पडणारच. गावाकडची मुलं घरी जातात. तो आठवडा मोजणीतून वगळा आणि त्यानंतरच्या सोमवार-मंगळवारी कोण परतलं नाही ते पाहा.

चाचणी प्रश्नवार वाचा

बेरीज सांगते की मुलाला २० पैकी ७ मिळाले. काय येत नाही ते प्रश्नवार गुणांतूनच कळतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी कोर्स आउटकमची साध्यता (विषयातून जे यायला हवं ते मुलांना किती आलं) काढायची म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रश्नवार गुण भरले जातातच, फक्त ते सत्र संपल्यावर. तेच काम पेपर तपासताना केलं तर वेगळे कष्ट पडत नाहीत.

चार गुणांचा एक प्रश्न घ्या. साठ मुलांचे मिळून ८४ गुण आले. शक्य होते २४०. ८४ भागिले २४० म्हणजे ०.३५, हा सुलभता निर्देशांक. प्रश्न अवघड गेला. पण कुणाला? एकूण गुणांनुसार वर्ग लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढा. साठात ते १६-१६ येतात.

वरच्या सोळांचे ४४ आणि खालच्या सोळांचे १२ गुण असतील, तर फरक ३२, त्याला १६ गुणिले ४ म्हणजे ६४ ने भागा: ०.५. हा भेदकता निर्देशांक, म्हणजे वरच्या आणि खालच्या मुलांत प्रश्न किती फरक दाखवतो त्याचं माप. ०.५ चांगला आहे. प्रश्न नीट आहे, खालच्या मुलांना त्या घटकाची शिकवणी हवी. पण वरच्यांचे २४ आणि खालच्यांचे २० असतील तर उत्तर येतं ०.०६. बेरीज तीच ८४, अर्थ निराळा. हुशार मुलांनाही तो आलेला नाही, म्हणजे घटक वर्गाला पोचला नाही किंवा प्रश्नाची भाषा फसली. इथे कुणाला बोलावून घ्यायची गरज नाही, पुढचा तास त्याच घटकावर घ्या. ०.२ च्या खाली आलेला प्रश्न पुन्हा वाचायचाच. उणे आला तर आधी उत्तरसूची तपासा.

‘प्रश्न १ किंवा प्रश्न २’ असा पर्याय असेल तर हे गणित कोलमडतं, कारण दोन्ही प्रश्न सोडवणारी मुलं वेगळी असतात. म्हणून पहिल्या चाचणीत सगळे प्रश्न सक्तीचे ठेवा.

यादीत कोण

चार खुणा पुरतात: शेवटच्या दोन आठवड्यांत निम्मे किंवा त्याहून जास्त तास चुकले, लागोपाठ दोन प्रॅक्टिकलं चुकली, असाइनमेंट मुदतीनंतर सात दिवस उलटूनही आलेली नाही, चाचणीत ८ पेक्षा कमी किंवा एबी. एक खूण असेल तर विषय शिकवणाऱ्याने तासानंतर दोन मिनिटं बोलायचं. दोन किंवा जास्त असतील तर नाव जीएफएमकडे (मुलांच्या गटाची पालक म्हणून जबाबदारी असलेल्या शिक्षकाकडे), आणि तीन कामाच्या दिवसांत प्रत्यक्ष भेट.

साठांत दोन खुणांची नावं दहा-बाराच्या वर गेली, तर मर्यादा थोडी कडक करा, म्हणजे नावं कमी होतील. लांबलचक यादीतल्या कुणाशीच नीट बोलणं होत नाही, हे आम्ही आग्रहाने सांगू. बॅकलॉगला मात्र खूण धरू नका. तो जुना आहे, आणि त्यावरून मुलाकडे आधीच एका नजरेने पाहिलं जातं. भेटीत संदर्भ म्हणून तो पुरेसा आहे.

भेट

निरोप वैयक्तिक पाठवा, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. मजकूर असा: ‘तुझी गणिताची चाचणी आणि दोन प्रॅक्टिकलं राहिली आहेत. बुधवारी सव्वाबाराला स्टाफरूममध्ये ये, कधी भरून काढायची ते ठरवू.’ नेमकं काय राहिलं आणि पुढे काय, दोन्ही त्यात आहे. ‘तुझी प्रगती असमाधानकारक आहे’ असं लिहिलं की मूल येतच नाही. घरी फोन ही पहिली पायरी नाही. आधी मुलाशी बोला.

भेटीत पहिला प्रश्न घटनेबद्दल विचारा: ‘मंगळवारचं प्रॅक्टिकल का चुकलं?’ उत्तरं बहुतेक वेळा ठरावीक पाच-सहा निघतात आणि प्रत्येकाला वेगळी वाट लागते. तळेगाव किंवा दौंडहून येणाऱ्याची सकाळची पहिली बॅच बदलून देता येते. रात्री डिलिव्हरीचं काम करणाऱ्याला विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची माहिती द्या. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज अडकला असेल तर नुसतं ‘पाठपुरावा कर’ म्हणू नका, कार्यालयात ते काम पाहणाऱ्यांकडे त्याला घेऊन जा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पुष्कळदा संकल्पना कळलेली असते, इंग्रजी प्रश्नच कळलेला नसतो; तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारून पाहा, दोन मिनिटांत उलगडा होतो. मन खचलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे पाठवा, आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्या.

नोंद चार गोष्टींची: तारीख, कारणाचा एक शब्द, काय ठरलं, कधीपर्यंत. आजार, घरातले वाद, पैशाची ओढाताण यांचा तपशील शीटमध्ये लिहू नका. ‘समुपदेशकाकडे पाठवलं’ एवढं पुरे. जात-प्रवर्गाचा रकाना या शीटमध्ये नकोच. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण कायदा नसता तरी हे पाळावंच लागलं असतं, कारण एकदा गोष्ट फुटली की पुढचं मूल खरं सांगत नाही.

फरक पडला का

दोन आठवड्यांनी त्याच चार खुणा पुन्हा तपासा. ठरलेलं झालं नसेल तर दुसरी भेट ठरवा.

पहिल्या चाचणीत तळाला असलेल्यांचे गुण दुसरीत वाढले म्हणून लगेच श्रेय घेऊ नका. कुणाला त्या दिवशी ताप होता, कुणाची लोकल चुकली. अशा मुलांची सरासरी काही न करताही थोडी वर येते. मागच्या वर्षी याच विषयात ८ च्या खाली राहिलेल्यांचे दुसऱ्या चाचणीत किती वाढले होते, त्याच्याशी ताडून पाहा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या, मागे पडणाऱ्या मुलांना आधीच इशारा देणाऱ्या ‘कोर्स सिग्नल्स’ प्रणालीबद्दल असाच पेच निघाला. ती वापरणारे जास्त विषय घेतलेली मुलं शिक्षणात जास्त टिकतात असा दावा होता. २०१३ मध्ये आक्षेप आला की जे टिकतात त्यांच्याच वाट्याला असे विषय जास्त येतात.

सत्र संपताना पुढच्या शिक्षकांकडे शीट जशीच्या तशी देऊ नका. कारणाचा आणि भेटीचा रकाना काढून टाका. कुठल्या घटकाचा प्रश्न वर्गाला गेला नाही आणि कोण उशिरा दाखल झालं, एवढं मात्र नक्की द्या. पुढच्या विषयाचा पहिला आठवडा कुठून सुरू करायचा ते त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं.