बाटली रेघेवर न तडकता भलतीकडेच का फुटते? या चुका टाळा

काचेची बाटली घरी कापायची तर कटरच्या छोट्या चाकाने तिच्यावर चरा, म्हणजे बारीक ओरखडा, पाडतात आणि त्यावर गरम-गार पाणी सोडून ती तडकवतात. तडा वाकडा गेला की आपण पाण्याला दोष देतो. पाणी पुरेसं गरम नव्हतं, बर्फ घ्यायला हवा होता, वगैरे. गॅलरीतल्या टेबलावर मी बऱ्याच बाटल्या कापल्या आणि बऱ्याच फोडल्या. फुटलेल्या तुकड्यांच्या कडा नीट पाहिल्या, तेव्हा चूक बहुतेक वेळा पाण्याच्या आधीच, चरा पाडताना झालेली दिसली.

या पद्धतीत काच खऱ्या अर्थाने कापली जात नाही, ती ठरवलेल्या रेघेवर तडकवली जाते. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला तर काय होतं, हे कंदील वापरलेल्या घरांत सांगावं लागत नाही. थेंबाखालची काच एकदम आकसू पाहते, भोवतालची गरम काच तिला आकसू देत नाही आणि त्या ताणाने तडा जातो. बाटलीला आपण हेच करतो. फक्त तडा कुठून जावा, ते आधी कटरने ठरवून देतो.

म्हणून कटर हातात धरून बाटलीभोवती फिरवू नका. हात कितीही स्थिर असला तरी रेघेची सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत. कटर पक्का बसवा आणि बाटली फिरवा. एका फळीवर दोन पट्ट्या ठोकून बाटली आडवी ठेवण्याइतकी खाच करा आणि बुडाशी एक ठोकळा घट्ट बसवा. फिरवताना बाटलीचं बूड त्या ठोकळ्याला सतत टेकलेलं हवं. रेघ जुळत नसेल तर आधी हा ठोकळा हलतोय का ते पाहा.

दुसरी चूक जोराची. जास्त दाबलं म्हणजे चरा खोल जाईल असं वाटतं, पण जास्त दाबाने काचेचे बारीक कण उडतात, रेघ पांढरट आणि भुकटीसारखी दिसते. अशा रेघेतून आजूबाजूला सूक्ष्म तडे गेलेले असतात आणि पुढे मोठा तडा त्यांतल्याच एखाद्या वाटेने निघतो. चांगला चरा केसासारखा बारीक असतो. कानही उघडे ठेवा. चाक नीट चालत असेल तर बारीक, सलग खरखर ऐकू येते. मधेच आवाज थांबला तर तिथे चरा पडलेला नाही. कटरच्या चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावला की काम सोपं होतं.

आणि फेरा एकच. सुरुवातीची जागा आली की थांबायचं. ‘अजून एकदा फिरवून घेऊ’ हा मोह सगळ्यात महागात पडतो. चऱ्यावरून चाक पुन्हा गेलं की कडेचे टवके निघतात आणि चाकाची धारही जाते.

बाटलीची निवडही महत्त्वाची. सरळ अंगाची गोल बाटली घ्या. ७५० मिलीच्या सरळ खांद्याच्या वाइनच्या बाटल्या शिकायला उत्तम. साच्याच्या जोडाची उभी रेघ, उठावाची अक्षरं किंवा चौकोनी कोपरे आले की चाक उड्या मारतं. लेबलचा डिंकही पूर्ण काढा. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या किंवा ओव्हनच्या भांड्यांची, काच तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते, त्यामुळे तिच्यावर गरम-गार पाण्याचा खेळ चालत नाही.

आता पाणी. चरा ताजा असतानाच पुढचं काम करा. किटलीतून गरम पाण्याची बारीक धार बाटली फिरवत चऱ्यावर सोडा, मग नळाचं साधं पाणी. दोन-चार फेऱ्यांत बाटली स्वतःहून सुटते. उकळतं पाणी आणि लगेच बर्फ, असा धक्का दिला तर तडा रेघ सोडून पळतो. ओढू नका, पिळू नका, आपटू नका. खाली टबात जाड टॉवेल ठेवा, नाहीतर नीट सुटलेला भागही पडून फुटेल. पाच-सहा फेऱ्यांनंतर काहीच झालं नाही तर चरा उथळ आहे. त्याच जागी पुन्हा घासू नका, सेंटीमीटरभर खाली नवी रेघ पाडा.

नेलपेंट रिमूव्हरमध्ये भिजवलेला दोरा पेटवून बाटली कापण्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. मी ही पद्धत कुणालाही सुचवणार नाही. दोरा काचेचा रुंद पट्टा तापवतो, तडा त्या पट्ट्यात कुठूनही जातो आणि हातावर ठिबकलेलं द्रव हातासकट पेटतं. टाइल कापायचं डायमंड चाक काच कापतं, पण ते मशीन पाण्यासोबत चालवण्यासाठीच बनवलेलं हवं. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण.

सुटलेली कड ब्लेडइतकी धारदार असते. काळा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर, सपाट टाइलवर ठेवून, पाणी घालून घासा: आधी १२० नंबरचा, मग २२०, ४००, शेवटी ६००. कोरडं घासलं तर काचेची धूळ श्वासात जाते, म्हणून कागद सतत ओला ठेवा आणि डोळ्यांना गॉगल लावा. अधूनमधून कड पुसून वाळवा. जिथे चकाकी दिसते तिथे कागद अजून पोचलेला नाही. बहुतेक जण बाहेरची कड घासून थांबतात आणि आतली धार तशीच राहते. पेपर बोटाऐवजी लाकडी काडीला गुंडाळून ती वेगळी घासा.

अशा बाटलीचा पाणी प्यायचा ग्लास मी करत नाही. घासलेल्या कडेत न दिसणारे तडे उरतात. कड गॅसच्या ज्योतीने वितळवली तरी सुमारे ५५० अंश सेल्सियसपासून हळूहळू थंड करायला भट्टी लागते, एरवी ती आपोआप तडकू शकते. मेणबत्तीही काचेच्या भिंतीजवळ नको. पेन ठेवायला किंवा मनीप्लांटला ती छान.

घासलेलं दुधट पाणी बेसिनमध्ये ओतू नका. रात्रभर ठेवा, खाली बसलेली भुकटी कागदाने पुसून घ्या. ती आणि फुटके तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, टेप लावा, वर ठळक ‘काच’ लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना किंवा दादांना सांगून हातात द्या.