वाचनालयाचं पहिलं वेबपान: मराठी अक्षरांना जागा द्या

संगणक लगेच उघडू नका. आधी कोरा कागद घ्या आणि त्यावर मोबाइलच्या आकाराची उभी चौकट आखा. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी सुट्टीत मुलांना वेबपान बनवायला शिकवते, तेव्हा पहिला तास या चौकटीतच जातो. वाचनालयाचं पान उघडणारा माणूस काय शोधत असतो? आज वाचनालय उघडं आहे का, वर्गणी आणि अनामत किती, नवीन पुस्तकं कोणती आली, चौकशीला फोन कुठे करायचा. ही चार उत्तरं पान न सरकवता दिसली पाहिजेत. संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारिणीचे फोटो हे सगळं खाली. मंडळींना हे पटवायला वेळ लागतो, पण इथे माघार घेऊ नका.

मग फाइल. साधं नोटपॅड पुरतं. फाइलचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ठेवा (एचटीएमएल म्हणजे वेबपान लिहायची भाषा) आणि सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडा. वरच्या 'हेड' भागात तीन गोष्टी हव्यातच. एक, कॅरसेट यूटीएफ-८, म्हणजे तीच पद्धत ब्राउझरला सांगणारी ओळ. ते नसेल तर मराठीच्या जागी भलत्याच खुणा उमटू शकतात. दोन, व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान दिसणाऱ्या चौकटीची ओळ, जिच्यात रुंदी 'डिव्हाइस-विड्थ' लिहायची. ती विसरलात तर मोबाइल तुमचं पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं आकसून दाखवतो. तीन, टायटल, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं नाव: वाचनालयाचं नाव आणि गाव, बाकी काही नको. शिवाय सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये (टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण) भाषा म्हणून 'एमआर' नोंदवा. त्यामुळे मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला भाषा कळते, आणि ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. मराठी पानावर हिंदी वळणाचा ल दिसला की मला खटकतंच.

पानाचं मुख्य नाव 'एच-वन' या टॅगमध्ये, एकदाच. विभागांची नावं 'एच-टू'मध्ये, परिच्छेद 'पी'मध्ये. साधा मजकूर नुसता ठळक करून त्याला मथळा म्हणू नका. अनेक अंध वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीनं मथळ्यावरून मथळ्यावर जात पान वाचतात. खरा मथळा नसेल तर त्यांना वाट सापडत नाही.

आता अक्षरं, आणि इथे घाई करू नका. वेब डिझाइनचे बहुतेक धडे रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. त्यातले आकडे जसेच्या तसे उचलले की मराठी पान गुदमरतं. आपल्या ओळीला वर रफार, वेलांटी, अनुस्वार असतात आणि खाली उकार. वरच्या ओळीत 'पूर्तता' आणि तिच्याखाली 'वर्गणी' आली, की 'पू'चा ऊकार आणि 'र्ग'चा रफार एकमेकांच्या अंगावर येतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवून पाहा, ओळी मोकळ्या होतील. मजकुराचा आकार १८ पिक्सेल घ्या. १६ला जोडाक्षरं बारीक पडतात. लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका. त्यानं शिरोरेखा तुटते आणि 'वाचनालय' या शब्दाची पाच सुटी अक्षरं होतात. इटॅलिकही नको, कारण फॉन्टमध्ये तिरकं वळण नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरंच ओढूनताणून तिरकी करतो. लिंकखालची रेघ उकारांना भिडते, म्हणून ती 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट'नं थोडी खाली सरकवा. काढून मात्र टाकू नका. नुसत्या रंगावरून लिंक सगळ्यांना ओळखता येत नाही.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात. मजकुराला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, आणि मथळ्याला भरीव हवं असेल तर 'एक टाइप'चाच बलू. दोनाहून जास्त फॉन्ट एका पानावर आणू नका, आणि त्यांतली रेग्युलर व बोल्ड एवढीच वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, मागवा.

रंगांत मोजून पाहायची गोष्ट म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक. वेबच्या सुलभता-नियमांप्रमाणे साध्या मजकुराला हे प्रमाण किमान ४.५ : १ लागतं. उजळ भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं आपल्याकडे फार दिसतात. ती या कसोटीला उतरत नाहीत. तीच पट्टी ठेवून अक्षरं काळी करा.

छापील सूचनेचा फोटो काढून पानावर चिकटवू नका. तो शोधात सापडत नाही, वाचून दाखवता येत नाही, आणि मोबाइलवर बोटांनी मोठा करत बसावं लागतं. सूचना टाइप करा. जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (इतर संगणकांवर त्याची अक्षरं वाचता येत नाहीत) असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. इमारतीचा किंवा पुस्तकांचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा, आणि 'ऑल्ट'मध्ये, म्हणजे फोटोच्या टॅगमधल्या वर्णनाच्या जागी, फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा.

तपासायला क्रोममध्ये एफ-१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा, रुंदी ३६० ठेवा. पान आडवं सरकत असेल तर एखादा फोटो किंवा तक्ता चौकटीबाहेर गेलेला असतो. फोटोला 'मॅक्स-विड्थ' १०० टक्के द्या. पान गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवता येतं. ते चढवलं की एखाद्या स्वस्त मोबाइलवर, भर उन्हात, वायफाय बंद करून उघडा. वाचनालयातल्या एखाद्या आजोबांच्या हातात तो मोबाइल द्या आणि "आज संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं आहे?" एवढंच विचारा. ते कुठे अडखळतात ते पाहा, मध्ये सांगू नका, आणि ती जागा त्याच दिवशी दुरुस्त करा.