बॅलेने शरीर कमवायचे असेल, तर या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शरीर कमवायचे म्हटले की तालीम किंवा जिम आठवते आणि मुलींच्या बाबतीत भरतनाट्यमचा वर्ग. बॅले हा पाश्चात्त्य नृत्यप्रकार त्यामानाने नवखा आहे, त्यामुळे त्याची सुरुवात बहुधा मोबाईलवरचा व्हिडिओ समोर ठेवून घरच्या हॉलमध्येच होते. पोटऱ्या, मांड्या, कण्याला आधार देणारे स्नायू आणि तोल यांसाठी हा सराव खरोखर गुणकारी आहे. मात्र पडद्यावर दिसणारी आकृती पहिल्याच आठवड्यात साधण्याच्या हट्टापायी तो लाभ बाजूला राहतो आणि गुडघा तेवढा धरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक टर्नआउटची, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहण्याची आहे. टाचा जुळवून चवडे एका सरळ रेषेत आणायचे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवे आणि बहुतेक प्रौढांचा खुबा प्रत्येक बाजूला साधारण ४० ते ५० अंशांपलीकडे वळत नाही. उरलेले अंश फरशीवर पाय रोवून जबरदस्तीने भरून काढले, की पिळा गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसतो आणि तळपायाची कमान आत कोसळते. आपली खरी मर्यादा ओळखणे सोपे आहे. पाय समांतर ठेवून, टाचा जुळवून आणि गुडघे सरळ ठेवून उभे राहावे, मांड्या वरून बाहेर वळवाव्यात आणि चवडे जिथे आपोआप थांबतील तीच आपली पहिली स्थिती मानावी. मग किंचित वाकून पाहावे: गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जात असेल तर ठीक, अंगठ्याच्याही आत झुकत असेल तर चवडे आणखी जवळ घ्यावेत. इंग्रजी व्ही अक्षराएवढा कोन झाला तरी पुष्कळ आहे.

तालमीत बैठका मारलेल्यांची अडचण वेगळी असते. बैठकीत टाचा उचलल्या जातात, धड पुढे झुकते आणि हातांच्या झोक्यावर वेग मिळतो. बॅलेच्या अर्ध्या प्लिएत, म्हणजे गुडघे अर्धवट वाकवण्याच्या हालचालीत, टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ ताठ आणि गती संथ असते. मांड्यांत कितीही ताकद असली तरी इथे सवयीने टाच उचलली जाते आणि नितंब मागे जातात. अशा वेळी भिंतीला पाठ लावून सावकाश खाली सरकावे आणि टाच उचलू पाहते त्या क्षणी थांबावे. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना अरैमंडीमुळे, म्हणजे त्यातल्या अर्ध्या बैठकीमुळे, मांड्या बाहेर वळवून बसण्याची सवय असते, ही जमेची बाजू. परंतु तिथे पाऊल जमिनीवर आपटायचे असते, तर बॅलेत उडीनंतर आधी बोटे, मग चवडा, मग टाच अशा क्रमाने आणि गुडघा वाकवत उतरायचे असते. शेजारच्या खोलीत धप्प आवाज गेला, तर गुडघा वाकलेला नाही असे खुशाल समजावे.

उड्यांचा प्रश्न निघालाच आहे तर फरशीचे पाहू. बॅलेच्या सभागृहात लाकडी जमिनीखाली पोकळी किंवा लवचीक आधार असतो. आपल्या घरांतली शहाबादी किंवा टाइल्सची फरशी थेट काँक्रीटवर बसवलेली असल्याने धक्का मुळीच शोषून घेत नाही, आणि काही आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. योगासनांची चटई हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण गिरकी घेताना पाऊल तिच्यात अडकते आणि शरीर तेवढे फिरते. घरी उड्या वगळाव्यात, हे उत्तम. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला फरशी दिवसभर ओलसर राहते, तेव्हा मोजे घालून सराव करणे म्हणजे घसरण्याला आमंत्रणच.

आधाराला प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये. स्वयंपाकाचा ओटा उंचीला बेताचा आणि पक्का असतो. त्यावर बोटे नुसती टेकवावीत. घट्ट पकडल्यास खांदे वर चढतात आणि तोल सावरण्याचे काम पायांऐवजी हात करतात. रेलेव्हेत, म्हणजे चवड्यांवर उठताना, भार करंगळीकडे गेला तर घोटा मुरगळू शकतो; तो अंगठा आणि दुसऱ्या बोटावर ठेवून, वर जाण्यापेक्षा खाली येताना अधिक वेळ घ्यावा. पोटरी घडते ती या उतरण्यात.

वजन उतरवण्यासाठी एवढ्यावरच विसंबणे हीदेखील चूक आहे. ओट्याजवळच्या सरावात मध्ये मध्ये विसावा असल्याने दम फारसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल भरून काढायला बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात भरभर चालणे जोडीला हवेच. मात्र बॅलेसाठी बारीक दिसायचे म्हणून भाकरी सोडणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. अपुऱ्या आहाराने हाडेही कमकुवत होतात.

राहिला पॉइंट शूजचा, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीच्या बुटांचा मोह. ते ऑनलाइन सहज मिळतात, पण काही वर्षांच्या नियमित शिक्षणानंतर, साधारण बाराव्या वर्षानंतर आणि घोट्याची ताकद शिक्षकाने समोर पाहून तपासल्यावरच ते पायात घालायचे असतात. तंदुरुस्तीसाठी त्यांची गरजच पडत नाही. कोरड्या फरशीवर अनवाणी पाय पुरेसे आहेत.