क्योतोत होस्टेल बदलताना: खोकी, अर्ज आणि राहून गेलेली देवळं

क्योतोत एक वर्ष राहूनही मी गिन्काकुजी हे तिथलं नावाजलेलं बौद्ध देऊळ पाहिलं नव्हतं. होस्टेलपासून सायकलने दहा मिनिटं. जवळच तर आहे, जाऊ कधीतरी, असं करता करता मार्च उजाडला, होस्टेलची वर्षाची मुदत संपली आणि नवी खोली मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. साक्यो वॉर्डातून थेट मिनामी वॉर्डात. सायकलने पाऊण तास, तोही कामो नदीच्या काठाने वारा पाठीशी असेल तर. म्हणून होस्टेल बदलणाऱ्याला माझा पहिला सल्ला खोक्यांबद्दल नाहीच. निघायच्या आधीचे चार रविवार वहीत लिहून काढा. त्यांच्या सकाळी जुन्या वस्तीतल्या देवळांना द्या, दुपारी सामानाला.

सामानात सगळ्यात आधी मोठ्या कचऱ्याचा फोन. गादी, खुर्ची, छोटं कपाट याला क्योतोत ‘ओगाता गोमी’ म्हणतात आणि तो रोजच्या कचऱ्यात चालत नाही. आधी नोंद करायची, सांगतील तेवढ्या रकमेची तिकिटं कोंबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या छोट्या दुकानातून, आणायची, वस्तूवर चिकटवायची आणि ठरलेल्या सकाळी ती बाहेर ठेवायची. सोपं आहे, फक्त तारीख मिळायला हवी. जपानात शाळा, कॉलेज आणि नोकरीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चअखेर अख्खा देश बिऱ्हाड हलवत असतो. मी २४ मार्चला फोन केला, खोली ३१ ला सोडायची होती, आणि तारीख मिळाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. शेवटी समोरच्या खोलीतल्या व्हिएतनामी मैत्रिणीकडे माझी गादी आणि तिकिटं सोपवून निघाले. तिने ती ठेवली बाहेर, पण आजही भेटली की गादीची आठवण काढते. तुम्ही महिनाभर आधीच फोन करा.

फ्रिज किंवा वॉशिंग मशीन स्वतःचं असेल तर ते ओगाता गोमीतही जात नाही. २००१ पासूनच्या कायद्याने टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन रिसायकलिंगचे पैसे भरूनच टाकावी लागतात. त्यापेक्षा नव्याने येणाऱ्या मुलांना फुकट द्या. दुवाही मिळतो आणि ओझंही उतरतं. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उरल्या तर मात्र फेकू नका, त्या क्योतो शहरात सगळीकडे एकच असतात. नव्या वॉर्डात फक्त कचऱ्याचे वार बदलतात.

खोकी विकत घेऊ नका. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरायच्या टेबलाजवळ रिकामी खोकी ठेवलेली असतात. विचारायचं आणि उचलायची. भरताना मात्र एक हिशेब डोक्यात ठेवा, कारण पैसे वाचतात ते इथेच. कुरिअरचा दर खोक्याच्या तीन बाजूंच्या बेरजेवर ठरतो: ६०, ८०, १०० सेंटिमीटर असा. काळ्या मांजराच्या चिन्हाच्या यामातोकडे प्रत्येक मापाला वजनाचीही मर्यादा असते, ८० ला ५ किलो, १०० ला १० किलो. पोस्टाच्या ‘यु-पॅक’ला माप कोणतंही असो, २५ किलोपर्यंत वजन चालतं. म्हणजे पुस्तकं छोट्या खोक्यात ठासून पोस्टाने, आणि रजई, स्वेटर असलं फुगीर सामान यामातोने. माझी पुस्तकं, पोळपाट आणि कुकर पोस्टाने गेले. कुकर जिवंत पोचला, पोळपाटाला एक टवका गेला.

शहरातल्या शहरात खोकं साधारण दुसऱ्या दिवशी पोचतं, त्यामुळे पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी भरा: चादर, चार्जर, टॉयलेट पेपर, साबण, चहा-साखर. आणि पडदा. नव्या खोलीला पडदे नसतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिली सकाळ खिडकीला ओढणी अडकवून काढली. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा तुम्ही हजर असावं लागतं, ती वेळही आधीच ठरवा. नाहीतर मार्चच्या थंडीत गार पाण्याने अंघोळ.

जुनी खोली सोडताना तपासणी होते. आपल्या लोकांची दोन पापं ठरलेली: हळदीचे डाग आणि फोडणीचं तेल. तेलासाठी शंभर येनच्या दुकानातला ‘जूसो’, म्हणजे खायचा सोडाच, गरम पाण्यात कालवून पंख्याच्या जाळीवर लावून ठेवायचा. हळदीवर मात्र ऊनच. माझा पांढरा चॉपिंग बोर्ड आणि डबे दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवले, पिवळेपणा निघून गेला. भिंत काही उन्हात ठेवता येत नाही, म्हणून ती रोजच्या रोज पुसा.

सरकारी काम त्या मानाने सरळ आहे. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्ता बदलल्याची नोंद करायची. शहरच बदलत असेल तर जुन्या ठिकाणी निघाल्याची नोंद आधी, मग नव्या ठिकाणी आल्याची. क्योतोतल्या क्योतोत वॉर्ड बदलला तर फक्त नव्या वॉर्डाच्या कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जायचं. पण खरोखर राहायला गेल्यावरच. आधी जाऊन काम उरकू म्हटलं तर परत पाठवतात. सोबत झाइर्यू कार्ड (परदेशी माणसाचं रहिवासी ओळखपत्र) आणि मायनंबर कार्ड (आपल्या आधारसारखं) न्या. मायनंबरचा चार आकडी पिन आठवत नसेल तर रांगेत उभं राहायच्या आधी शोधून ठेवा, तिथे ऐन वेळी घाम फुटतो. झाइर्यू कार्डाच्या मागच्या बाजूला नवा पत्ता छापून मिळतो. त्याच फेरीत आरोग्य विम्याचं काम करा. पोस्टात एक फॉर्म भरला की जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर फुकट नव्या पत्त्यावर येतात. हे मात्र निघायच्या आठवडाभर आधीच करा.

आता रविवारच्या सकाळी. साक्यो भागात असाल तर माझा क्रम असा: सहा वाजता होनेन-इन. दार सहालाच उघडतं, पैसे लागत नाहीत. गवताने शाकारलेलं दार ओलांडलं की दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाळूचे दोन सपाट ओटे, त्यांवर ऋतूप्रमाणे नक्षी ओढलेली. त्यांच्या मधून चालत गेलं की माणूस शुद्ध होतो असा भाव आहे. मी गेले त्या दिवशी एक भिक्षू झाडत होते, बाकी चिटपाखरू नव्हतं. तिथून कालव्याकाठच्या रस्त्याने रमतगमत गिन्काकुजी. ते मार्चपासून साडेआठला उघडतं, पाच मिनिटं आधी दारात असाल तर बाग जवळजवळ तुमची एकटीची. नावात चांदी आहे, इमारतीवर ती कधीच चढली नाही. १४८२ मध्ये योशिमासा या माजी शोगुनाने, म्हणजे लष्करी शासकाने, काम सुरू केलं. मला ते उघडं लाकूडच आवडलं.

त्यानंतर कुरोदानीचं देऊळ. तिथल्या दफनभूमीत दगडी आमिदा, म्हणजे अमिताभ, बुद्ध आहे, डोक्यावर कुरळ्या केसांचा हा एवढा टोप. मुलं त्याला आफ्रो बुद्ध म्हणतात आणि हसतात, मीही हसले. मग अर्थ कळला: पाच कल्प चिंतन करत बसले, तोवर केस वाढले. नावातच ‘गोको’ आहे, म्हणजे पाच कल्प. आपला कल्प इथे येऊन ‘को’ झाला.

देवळात वागायचं कसं, याची भीती बाळगू नका, अर्धं आपल्याला घरीच शिकवलेलं असतं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. उदबत्ती फुंकून विझवायची नाही, हाताने वारा घालायचा. चपला काढायच्या, आणि त्या ठेवायला कधी पिशवी देतात ती हातात धरून फिरायचं. मोजे फाटके नकोत, हे मी अनुभवाने सांगते. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांच्या, काठावर पाय देऊ नका, पाठीवरची सॅक आत पोटाशी घ्या. जिंजा, म्हणजे शिंतो धर्माचं देवस्थान, आणि बौद्ध देऊळ यांत मात्र घोळ करू नका. फुशिमी इनारीसारख्या जिंजात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत. मी पहिल्यांदा एका शांत गाभाऱ्यात खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारच्या आजींनी न रागावता स्वतःचे हात जोडून दाखवले. आपला साधा नमस्कारच होता तो.

देवळाचा शिक्का आणि हस्ताक्षर हवं असेल तर ‘गोशुइन’ची वही घ्या. साध्या वहीत मागू नका. बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० येन होतात, सुट्टे काढून ठेवा आणि कोरं पान उघडून द्या. माझ्या वहीत आधीची सगळी पानं साक्योची आहेत आणि मग एकदम मिनामी वॉर्डातलं तोजी देऊळ, म्हणजे बिऱ्हाड कधी हललं ते वहीतच दिसतं.

तोजी नव्या खोलीपासून चालत. सुमारे ५५ मीटर उंच पाच मजली पॅगोडा रोज खिडकीतून दिसतो, पण तुम्ही आत कोदोमध्ये, म्हणजे प्रवचनाच्या दालनात, जा. तिथे मंडलासारख्या मांडलेल्या २१ मूर्ती आहेत. हत्तीवर बसलेले ताइशाकुतेन म्हणजे आपले इंद्र, चार हंसांवर बसलेले बोनतेन म्हणजे ब्रह्मदेव. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, माणूस बघत तरी बसतो. तोजीसारख्या शिंगोन या बौद्ध पंथाच्या देवळात अग्नीसमोरचा विधी चालू असेल तर थांबा. त्याला ‘गोमा’ म्हणतात, तो होमच. आणि हृदयसूत्र या बौद्ध सूत्राचा शेवट कानावर पडला तर नीट ऐका: ‘ग्यातेइ ग्यातेइ’ करत ते ‘बोजी सोवाका’वर येतं. गते गते, बोधि स्वाहा. परक्या गावात पहिल्याच आठवड्यात हे ऐकू आलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभीच राहिले.

भांडी इकडून तिकडे नेऊ नका, असं मी वर लिहायचं विसरले. तोजीच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला, शिंगोन पंथाचे संस्थापक कोबो दाइशी यांच्या पुण्यतिथीच्या तारखेला, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. वाट्या, ताटल्या, लाकडी चमचे, किमोनोचं कापड, सगळं मिळतं. चांगल्या वस्तू सकाळी असतात, भाव दुपारी तीननंतर उतरतात, कारण विकणाऱ्यालाही परत खोकी भरायची असतात. मी साडेतीनला गेले. सहा वाट्या घेतल्या, पाचच बघितल्या होत्या, सहावी त्या काकांनी कागदात गुंडाळताना वर टाकली.