कॅमेऱ्याचं सुटलेलं रबर घरच्या घरी कसं चिकटवायचं

डिजिटल कॅमेऱ्याचं रबर बहुधा तीन ठिकाणी सुटतं: उजव्या हाताच्या पकडीवर, मागे अंगठा टेकतो तिथे आणि मेमरी कार्डाच्या झाकणावर. तिथेच हात सतत लागतो. घाम, त्वचेचं तेल, सनस्क्रीन, डास पळवणारं क्रीम हे सगळं रबरात मुरतं. रबर फुगून मापाबाहेर जातं आणि खालच्या दुहेरी टेपचा गोंद मऊ पडून सरकायला लागतो. त्यामुळे नुसता गोंद भरून दाबलं तर काही दिवसांत कड पुन्हा वर येते. या कामातला मोठा वाटा सफाईचा आणि रबर मापात आणण्याचा; चिकटवणं त्यामानाने सोपं.

सुपरग्लू वापरायचा नाही. तो वाळला की कडक होतो. रबर वाकतं, तो वाकत नाही, मग तडकतो. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पांढुरका थर बसतो. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत बॉडीचे काही स्क्रू रबराखाली दडलेले असतात. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर सुपरग्लूने बसवलेलं रबर फाडूनच काढावं लागतं.

लागेल ती पातळ दुहेरी टेप, साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीची. टेसा ४९६५ किंवा थ्रीएमच्या ३००एलएसई गोंदाची टेप या कामाला चांगली. फोमची जाड टेप नको. रबर खोबणीतून वर येतं आणि कड बोटाला अडकत राहते. याशिवाय ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, चिमटा, धारदार कटर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी, कागदी मास्किंग टेप आणि हेअर ड्रायर.

बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स काढून बॉडी कॅप (लेन्सच्या जागी बसणारं झाकण) लावा. रबराखालचे स्क्रू दिसले तरी एकही सोडवू नका. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्ट साठून राहू शकतात.

फक्त एखादा कोपरा सुटला असेल आणि बाकीचं घट्ट असेल, तर सगळं उखडू नका. कोपऱ्याखाली इअरबडने साफ करा आणि टूथपिकने दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा पातळ हात द्या. दोन्ही बाजू एकमेकांना लागू न देता १० ते १५ मिनिटं थांबा. गोंद बोटाला लागेनासा झाला की दाबा. एकदा टेकल्यावर तो सरकवता येत नाही. तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सुटलं असेल तर मात्र पूर्ण काढलेलंच बरं.

काढण्याआधी भोकं आणि खाचा दिसतील असा फोटो घ्या. ड्रायर कमी उष्णतेवर, १५-२० सेंटिमीटर लांबून, अर्धा मिनिट फिरवा. हाताला कोमट लागेल इतपत पुरे. मग प्लॅस्टिकची पट्टी कडेखाली सरकवत हळूहळू सोडवा. वर ओढू नका, ओढलं की रबर आणखी ताणतं.

बॉडीवरचा जुना गोंद अंगठ्याने घासून गोळ्या करत काढा, उरलेला अल्कोहोलने. इअरबड ओला हवा, निथळता नको. बटणांच्या फटीत द्रव जाता कामा नये. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची बॉडी खातं. थिनर आणि पेट्रोलही नको.

रबराच्या मागचा गोंदही असाच काढा. मग भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्यात, मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू धुवा आणि कागदात ठेवून एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. तेलाने फुगलेलं रबर एवढ्यात थोडं आकसतं. वरून पांढरी भुकटी दिसत असेल तर बहुधा रबरातलं मेण किंवा दुसरा एखादा घटक बाहेर आलेला असतो, पुसलं की जातं. पण धुवूनही पृष्ठभाग चिकट लागत असेल तर रबरच कुजायला लागलं आहे; त्यावर मेहनत वाया.

आता कोरडंच बसवून पाहा. मिलिमीटरभर जास्त असेल तर सामावून घेता येतं. दोन किंवा अधिक असेल तर त्या मॉडेलचं नवं रबर मागवा. बऱ्याचदा ते टेप लावूनच येतं. कात्रीने कड छाटायचा मोह होतो, पण साच्यातली गोल कड गेली की काप कायम दिसत राहतो.

टेप रबराच्या पाठीला लावा, बॉडीला नाही. दोन पट्ट्या लागल्या तर शेजारी-शेजारी. एकावर एक चढली तर वरून उंचवटा दिसतो. कडेपासून मिलिमीटरभर आत कापा. रिमोटची खिडकी, मायक्रोफोनची भोकं, केबलची खाच मोकळी ठेवा. वरचा कागद मधोमध हलका चिरून ठेवलात तर बसवताना अर्धा-अर्धा काढता येतो.

सुरुवात भोक किंवा खुंटी असलेल्या टोकाकडून करा, म्हणजे जागा आपोआप ठरते. रबर किंचित जास्त असेल तर आधी दोन्ही टोकं पक्की करा आणि मग मधला भाग दाबत ढिलेपणा सगळीकडे वाटून द्या. पुन्हा थोडं गरम करून प्रत्येक भाग १० सेकंद दाबा. बोटांची टोकं रुततात त्या आतल्या वळणावर टेप हमखास उचलते, तिथे तेवढ्यापुरतं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह वापरा. वरून मास्किंग टेप गुंडाळून २४ तास ठेवा. टेपची पूर्ण पकड यायला तीनेक दिवस जातात, तोवर कॅमेरा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

पहिल्या दोन दिवसांतच कड उचलली तर तेल राहिलं होतं किंवा खोली फार थंड होती. महिन्याभराने मध्ये फुगवटा आला तर रबर पुन्हा वाढलं आहे.

कार्डाच्या झाकणाचं रबर बसवल्यावर झाकण चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहा. झाकण मिटलं की नाही हे कळायला बऱ्याच कॅमेऱ्यांत छोटा स्विच असतो. बिजागरीकडे टेप किंवा गोंद बाहेर आला तर झाकण केसभर वर राहतं आणि कॅमेरा फोटोच काढत नाही. अशा वेळी तेवढी कड सोडवून टेप मिलिमीटरभर मागे कापावी लागते.