एका दूध-बिलामागच्या १,८०१ क्वेऱ्या

पदवी घेऊन पहिल्या नोकरीत रुजू झाले तेव्हा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारण्याची भाषा, आपल्याला येते असे मी धरून चालले होते. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी हे सारे परीक्षेसाठी घोटून झाले होते. मात्र ते उत्तर काढण्यासाठी डेटाबेसने किती ओळी वाचल्या, हा प्रश्न महाविद्यालयात कधी कोणी विचारला नव्हता. बॅकएंडच्या कामात नव्याने येणाऱ्यांना हा प्रश्न लवकर भेटावा, म्हणून मला तो ज्या कामात भेटला ते काम तपशिलाने सांगते.

आमचे ॲप्लिकेशन दूध संस्थांसाठी होते. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची नोंद आणि दर दहा दिवसांनी बिल, असा त्याचा व्यवहार. डेटाबेस पोस्टग्रेसचा होता आणि वरचे ॲप्लिकेशन जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले होते. सुमारे ६०० सभासदांच्या एका संस्थेत बिलाचे पान उघडण्यास इतका वेळ लागू लागला, की सचिव ते सुरू करून दुसऱ्या कामाला लागत. त्या पानावर शेतकऱ्याच्या हाती पैसे पडण्याची वेळ अवलंबून होती, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी ते मनावर घेतले.

मी प्रथम अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्यांची लॉगमध्ये नोंद होईल अशी व्यवस्था केली आणि दिवसभर वाट पाहिली. बिलाच्या पानाची एकही क्वेरी त्यात आली नाही. याचा अर्थ डेटाबेस निर्दोष आहे असा मी काढला आणि दोन दिवस भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन सुरू करून दिले. प्रत्येक प्रकारची क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला, हे त्यात दिसते. एकूण वेळेनुसार उतरत्या क्रमाने यादी लावली, तेव्हा सर्वांत वर असलेली क्वेरी प्रत्येक वेळी दोन मिलिसेकंदांतच संपत होती. मात्र ती चालत होती हजारो वेळा.

कारण आमच्याच कोडमध्ये होते. संस्थेचे सभासद आणणारी एक क्वेरी, आणि मग लूपमध्ये प्रत्येक सभासदासाठी संकलनाच्या नोंदींची एक, दराची एक आणि पशुखाद्याच्या कपातीची एक, म्हणजे ६०० सभासदांमागे १,८०१ क्वेऱ्या. प्रत्येकीला दोन मिलिसेकंद धरले तरी साडेतीन सेकंद निव्वळ फेऱ्यांमध्ये जातात, आणि बिलाच्या दिवशी अनेक संस्था एकाच वेळी हे पान उघडत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक वेळ जाई. ‘एन प्लस वन’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष ओआरएम (एसक्यूएल न लिहिता कोडमधूनच टेबलांशी बोलू देणारा थर) वापरताना सहज होतो, कारण कोडमध्ये केवळ टिंब देऊन पुढचे नाव लिहिलेले दिसते आणि त्यामागे डेटाबेसकडे एक फेरी झाली हे डोळ्यांना दिसत नाही. माझ्या लॅपटॉपवर वीसच चाचणी-सभासद होते आणि डेटाबेसही त्याच यंत्रावर होता, त्यामुळे तिथे पान क्षणात उघडत असे.

जँगोमध्ये संबंधित नोंदी एकगठ्ठा आणणाऱ्या सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड यांनी अशा फेऱ्या टाळता येतात. आम्ही आणखी एक पाऊल पुढे गेलो. बिलासाठी सुट्या नोंदी नकोच होत्या, बेरीज हवी होती. ती पायथनमध्ये न करता ग्रुप बायने डेटाबेसमध्येच केली. क्वेऱ्या चारवर आल्या.

तरीही त्यांतली संकलनाची एक क्वेरी रेंगाळत होती. एक्सप्लेन ॲनलाइझ (क्वेरी चालवून डेटाबेसने कोणता मार्ग घेतला ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिले, तर संकलनाचे सबंध टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले जात होते. संकलनाच्या वेळेवर इंडेक्स, म्हणजे नोंदी झटपट शोधण्यासाठीची क्रमवार सूची, होता, पण अटीमध्ये त्या वेळेवर तारीख काढणारे फंक्शन लावलेले होते, आणि इंडेक्समध्ये मूळ मूल्ये क्रमाने लावलेली असतात, फंक्शनची उत्तरे नव्हे. अट बदलून ‘१ तारखेच्या सुरुवातीपासून ११ तारखेच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत’ अशी मर्यादा घातली आणि संस्था व वेळ या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स केला. यात संस्था आधी ठेवण्याला कारण आहे. बेयर आणि मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली बी-ट्री ही इंडेक्समागची रचना क्रमावर उभी आहे. संस्था आधी असली की त्या संस्थेच्या दहा दिवसांच्या नोंदी इंडेक्समध्ये सलग सापडतात. वेळ आधी ठेवली असती तर त्या दहा दिवसांतल्या सर्व संस्थांच्या नोंदींमधून आपल्या संस्थेच्या वेचाव्या लागल्या असत्या. म्हणून बरोबरीची अट असलेला रकाना आधी आणि मर्यादेची अट असलेला नंतर.

एक्सप्लेन वाचताना नवखे लोक ‘कॉस्ट’च्या, म्हणजे अंदाजित खर्चाच्या, आकड्यावर अडकतात. मी आधी अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून पाहते. एकदा नव्याने जोडलेल्या संस्थेच्या जुन्या नोंदी रात्रीच्या जॉबमध्ये आयात करून लगेच अहवाल काढला, तेव्हा प्लॅनरचा (क्वेरी कोणत्या मार्गाने सोडवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाचा) अंदाज १ ओळीचा होता आणि प्रत्यक्षात १२,००० निघाल्या. एकाच ओळीच्या भरवशावर त्याने नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरे टेबल चाळण्याची पद्धत) निवडला आणि दरपत्रकाचे टेबल बारा हजार वेळा चाळले. यात प्लॅनरची चूक नव्हती. आकडेवारीवरून खर्चाचा अंदाज बांधून मार्ग निवडण्याची ही पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातून, पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांच्या १९७९ च्या शोधनिबंधातून आली आहे. आकडेवारीच शिळी असेल तर अंदाज चुकणारच. आयातीनंतर ही आकडेवारी ताजी करणारी ॲनलाइझ ही आज्ञा चालवण्याची एक ओळ जॉबमध्ये घातली आणि तो प्रश्न मिटला.

दोन धोके नवख्यांनी आधीच जाणून घ्यावेत. एक्सप्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवते, त्यामुळे डिलीट किंवा अपडेट तपासायचे असेल तर ते ट्रान्झॅक्शनमध्ये करून शेवटी रोलबॅक करावे, म्हणजे बदल मागे घ्यावेत. तसेच चालू टेबलावर साधा इंडेक्स करू लागल्यास तो पूर्ण होईपर्यंत नव्या नोंदी अडतात; सकाळच्या संकलनाच्या वेळी हे घडले तर काट्यापाशी रांग उभी राहते. कॉन्करंटली हा पर्याय वापरल्यास तसे होत नाही, मात्र तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि मध्येच अपयशी झाल्यास निकामी इंडेक्स मागे राहतो, तो आपणच काढावा लागतो.

इंडेक्स फुकट मिळत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे: प्रत्येक नव्या नोंदीबरोबर टेबलावरचा जवळपास प्रत्येक इंडेक्स लिहावा लागतो. शिवाय पोस्टग्रेस फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) आपोआप इंडेक्स करत नाही, मायएसक्यूएलचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन मात्र करते. एकावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

सरावासाठी कोणाच्या प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसची, गरज नाही. आपल्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस घ्यावे, जनरेट-सिरीज या फंक्शनने वीस-तीस लाख ओळींचे टेबल भरावे, एकच क्वेरी इंडेक्सशिवाय आणि इंडेक्ससह चालवावी आणि दोन्ही प्लॅन कागदावर उतरवून काढावेत. मग तसेच नवे टेबल करून त्यात शंभरच ओळी भराव्यात आणि ॲनलाइझ चालवून पाहावे: इंडेक्स असूनही पोस्टग्रेस सबंध टेबल वाचेल, कारण इतक्या ओळी त्याच्या साठवणुकीच्या ८ केबीच्या एखाद-दुसऱ्या पानात मावतात आणि ते पान सरळ वाचणेच स्वस्त पडते.