मॉडेल ट्रेनचा ट्रॅक घ्यायला जाताय? खिशात चुंबक ठेवा

एचओ स्केलचा (म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87 मापाचा) ट्रॅक दुकानात दिसतो सगळा सारखाच चकचकीत, पण स्टीलचा निघाला तर एका पावसाळ्यात गंज धरतो आणि मग इंजिन अडखळत बसतं. माझे पैसे एकदा गेलेत असे.

1. फ्रिजवरचं साधं चुंबक रुळाला लावा. चिकटलं की समजा स्टील, आपल्या मुंबई-कोकणच्या दमट हवेत नकोच. नाही चिकटलं आणि रंग चांदीसारखा असला तर बहुतेक निकेल सिल्व्हर, तोच घ्या (नावातच सिल्व्हर हां, आत तांबं, निकेल आणि जस्त).

2. मग वळण बघा. आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा मोजायचा आणि त्याच्या निदान अडीचपट रेडियस धरायची, म्हणजे आयसीएफ डबा (आपल्या रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा) 1:87 मध्ये साधारण 245 मिमी भरतो, तर 610 च्या आसपास पाहिजे. स्टार्टर सेटमधली 18 इंची वळणं म्हणजे फक्त 457 मिमी, छोटं इंजिन आणि मालडबे मस्त फिरतात त्यावर, पण लांब डबे विचित्र दिसतात आणि कधीकधी घसरतात पण.

3. पैसे द्यायच्या आधी सुतळीला खडू बांधून फरशीवर तो गोल आखून बघा, 610 ला जवळपास 1.3 मीटर रुंदी जाते, तेवढं टेबल आहे का घरात?

एकच सांभाळा, जुना पितळी ट्रॅकपण चुंबकाला चिकटत नाही. पिवळसर दिसला तर स्वस्त मिळाला तरी सोडा, सारखा पुसत बसावं लागतं.